उताणं पडून सोडवलेली कोडी

हे मी माझ्या लेकीच्या, बेबीच्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. मोठ्यानं वाचून दाखव म्हणून कुणी सांगितलं तर जमायचं नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. पण पाठीच्या मणक्याला क्षय झाला म्हणून कुणाला उताणं निजवलं असेल, आठ-नऊ महिने छताकडे बघत राहा म्हणून सांगितलं असेल, आणि ही पानं तिच्या हाती पडली तर पडू देत. औषधांचं मला कळत नाही, ते डॉक्टर सांगतील. बाकीचं मी सांगते.

पाठ वर्षभर दुखत होती. घागरी उचलून दुखते असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. तेल चोळून झालं, शेकून झालं, एका म्हाताऱ्यानं दोन ठिकाणी डागही दिले. मग एक दिवस मळ्यातून येताना मागून जाऊबाई ओरडल्या, "अगं, चप्पल पडली की तुझी!" मी खाली पाहिलं. उजव्या पायातली चप्पल वीस पावलं मागे पडली होती आणि मला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हारहून नगरला गेलो. पाठीचा फोटो काढला. डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावलं, मला बाहेर बाकावर बसवलं. बऱ्याच वेळानं हे बाहेर आले आणि म्हणाले, "चहा घेतीस का?"

लग्नाला सात वर्षं झाली होती. ह्यांनी मला हॉटेलातला चहा कधी विचारला नव्हता. आजार मोठा आहे हे मला तेवढ्यावरून कळलं. चहा मी घेतला. बशीत ओतला, तशी ह्यांनी बशी धरली. भर बाजारात बायकोची बशी धरून हे उभे होते आणि इकडे तिकडे बघत होते.

*

पाठीच्या मापाची प्लास्टरची एक खोलगट खाट करतात. तिच्यात निजवतात आणि पट्ट्यांनी बांधतात. मान थोडी वळते, हात हलतात. बाकी काही नाही.

पहिले आठ दिवस मी फक्त रडले. उताणं रडलं की पाणी कानात जातं. रूथ सिस्टर म्हणून श्रीरामपूरच्या नर्स होत्या, त्या सकाळी सुई द्यायला आल्या की आधी माझे कान पुसायच्या. भांडं द्यायलाही त्याच यायच्या. लाज वाटून मी दोन दिवस कळ दाबून ठेवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिराबाई, मला सहा भावंडं. मी सगळ्यात थोरली. मला नवीन असं काय दाखवणार आहात तुम्ही?" आणि पडदा ओढून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. लाज तरी गेली नाही. पण सवय झाली.

डॉक्टर रोज तळपायाला टाचणी लावून विचारायचे, "टोचतंय?" मला काही कळत नसे. नाही म्हटलं तर पाय गेले असं ठरेल, या भीतीनं एक दिवस मी डोळे मिटून "हो" म्हटलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "त्यांनी टाचणी लावलीच नव्हती. डॉक्टरांना आणि मास्तरांना खोटं सांगू नये, दोघांचंही पुढचं काम चुकतं."

त्या नेवासकर बाई. नगरलाच मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. गुडघा मोडला होता, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, पण उशा लावून त्यांना बसता यायचं. त्यांच्या पलीकडे काष्टीच्या चंद्रभागा मावशी होत्या. बैलगाडीवरून पडून मांडी मोडलेली. त्यांचा पाय कप्पीवरून वजनं लावून ताणून ठेवला होता आणि खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या होत्या. आवाजानं मात्र त्या सगळ्या वॉर्डभर हिंडायच्या.

*

डॉक्टरांचं वर्तमानपत्र दुपारी जेवणानंतर आमच्याकडे यायचं. त्यात रोज शब्दकोडं असे. डॉक्टरांनी पेन्सिलीनं तीन-चार शब्द भरलेले असत आणि मग त्यांना कुणीतरी हाक मारलेली असे. पुढचं बाई करायच्या. मोठ्यानं वाचायच्या, कारण एकट्यानं कोडं सोडवणं म्हणजे एकट्यानं जेवण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं.

"बैलाच्या मानेवरचं लाकूड," बाईंनी वाचलं.

"जू!" मावशी ओरडल्या. "लिवा. पुढचं?"

"जू एकाच अक्षराचं झालं. इथं तीन घरं आहेत."

"मंग त्यांची घरं चुकली. आमच्यात जूच म्हनत्यात."

मी छताकडे बघत होते. दवाखान्यात येऊन बारा दिवस झाले होते आणि सिस्टरांशी सोडून मी कुणाशी बोलले नव्हते. तोंडातून आलं, "जोखड."

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं. "हिरा, तू बोललीस? परत सांग."

मी परत सांगितलं. बाईंनी लिहिलं. मावशी म्हणाल्या, "आगं बया! त्या पेटीत मानूस हाय व्हय! मला वाटलं, दवाखान्यानं नुस्तं पातळ वाळत घातलंय."

मला हसू आलं. हसलं की प्लास्टर पोटाला टोचायचं. तरी हसले.

दोन दिवसांनी बाईंनी माझ्या हातात पुठ्ठा दिला. त्यावर कोडं डकवलेलं. शाईचं पेन उताणं चालत नाही, शाई मागे पळते, म्हणून शिसपेन्सिल सुतळीनं खाटेला बांधली. बाई वाचणार, मावशी ओरडणार, मी डोक्यावर पुठ्ठा धरून लिहिणार. चौथीनंतर मी माहेरी पत्रं लिहिली असतील तेवढीच. हात दुखायचा, अक्षरं घराबाहेर जायची. पण त्या वेळात पाय आठवत नसत. हे मला आठवड्यानं लक्षात आलं.

बाईंना पुस्तकातले शब्द यायचे. फुलांची संस्कृत नावं, राजांचे घोडे. अवजारं, गुरांचे रंग, पिकांचे रोग मावशींना. मला दोन्हीकडचं थोडं थोडं. अडलेलं डॉक्टरांना विचारायचं नाही असा नियम होता. उलट डॉक्टरच सकाळी यायचे आणि माझ्या पायाला टाचणी लावता लावता म्हणायचे, "कालचा सात उभा काय निघाला हो?"

*

दुसरा नियम मावशींनी काढला. शेवटचं घर जी भरेल तिनं नाव घ्यायचं. हळदीकुंकवाला घेतात तसं, पण पाठ केलेलं नाही. नवं, तिथल्या तिथं जुळवलेलं.

पहिलं त्यांनीच घेतलं. सिस्टर घाईनं वजनं नीट करत होत्या.

"पायाला लावली वजनं, वर फिरते कप्पी,
दगडूरावांचं नाव घेते, सिस्टर बसा गप्पी!"

"गप्पी म्हणजे काय?" बाई म्हणाल्या.

"गप. पर मंग कप्पीला काय करू? तिला गप म्हनून भागत न्हाई."

सिस्टरना हसू आवरेना. वजन हातातच राहिलं आणि मावशी कळवळल्या, "आगं सोड की ते आधी!"

मग एकदा शेवटचं घर बाईंनी भरलं. बाईंच्या कपाळाला कुंकू नव्हतं. अशा बाईनं नाव घ्यायची रीत नाही.

"माझं सोडा," बाई म्हणाल्या. "मी कुणाचं घेणार आता?"

मावशी नेहमीपेक्षा हळू बोलल्या. "ज्येंचं घेत हुता त्येंचंच घ्या की. मानूस गेलं म्हून नाव का जातंय व्हय?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला एवढंच दिसलं, बाजूनं. मग त्या म्हणाल्या,

"घंटा झाली, शाळा सुटली, मुलं गेली घरी,
वामनरावांचं नाव मात्र राहिलं फळ्यावरी."

बाई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवल्या. सिस्टरनी ताट उचलताना मला दाखवलं.

माझी पाळी आली की मी नुसतं पुटपुटायची. मावशी म्हणायच्या, "मुंगीला ऐकू जाईल इतकं तरी बोल." पण यमक माझ्या जिभेवर पटकन यायचं. लहानपणी आईबरोबर जात्यावर ओव्या म्हणत बसलेली. पाठीत कीड होती, पण ते कुठं गेलं नव्हतं.

*

दुसऱ्या महिन्यात बेबीला आणलं. चार वर्षांची होती. ती दारातच थांबली. ह्यांनी पुढे ढकललं तशी ह्यांच्या धोतरामागे गेली. "आईला पेटीत का ठेवलंय?" म्हणाली. जवळ आली नाही. जाताना मात्र मागे वळून वळून बघत होती.

त्या दुपारी मी कोडं घेतलं नाही. बाईंनी आग्रह केला नाही. त्यांनी आपला हातातला आरसा माझ्याकडे दिला. तो कसा धरायचा ते सांगितलं. आरशात खिडकी आली, खिडकीत लिंबाचं झाड आणि त्याखाली टांगे. इतक्या दिवसांनी मी छताशिवाय काहीतरी बघत होते. एक टांगेवाला घोड्याला शिव्या देत होता आणि घोडा ऐकत नव्हता.

*

चौथा महिना संपत आला होता. पाय तसेच होते. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. मणक्यात पू आहे, औषधानं तो आटतो आहे. पाठ हलली नाही तर पाय परत येतील असं त्यांना वाटत होतं. मध्येच हलवलं तर कायमचे जातील. "वाटतं" म्हणाले होते. नक्की म्हणाले नव्हते.

एका दुपारी मामंजी आले. माझे सासरे. बरोबर हे होते. दवाखान्याबाहेर भाड्याची जीप उभी होती, तिच्यात गादी घातलेली.

मामंजींनी माझ्या पायांवरची चादर उचलली. मी पदर तोंडावर ओढून घेतला.

"बगा," मामंजी म्हणाले. "काटक्या झाल्या. पडून पडून पाय वाळायचं न्हाईत तर काय? मानूस हाय का लोनचं, बरनीत घालून ठिवायला?"

सिस्टर म्हणाल्या, "आबा, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. तासाभरानं येतील. त्यांच्याशी बोला."

"लई बोललो. आता आमी नेतो. ओळकीचा हाडवैद्य हाय, तो हे फोडून काढतो आन म्हैन्यात चालवतो म्हनला. कुटं सही करायची ती सांगा."

मामंजी वाईट नव्हते. माझ्या बाळंतपणात भर पावसात सुईणीला खांद्यावरून ओढा ओलांडून आणणारे ते. त्यांना खरंच वाटत होतं की मला इथे मारत आहेत. हे खाली बघत होते. आणि मी सात वर्षांत मामंजींसमोर एक वाक्य बोलले नव्हते. पाणी दिलं तरी तांब्या ठेवून बाजूला व्हायचं, अशी आमच्या घरची रीत. पदराखाली माझं तोंड उघडत होतं, पण आवाज येत नव्हता.

"पाव्हनं," मावशी म्हणाल्या, "सुनंला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? ती कुटं बोलती."

त्यावर नेवासकर बाई अगदी शांतपणे, वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, "न्या तुम्ही. तुमची सून आहे. पण आमच्याकडे एक नियम आहे. कोड्याचं शेवटचं घर जी भरते ती नाव घेते. आज हिरानं भरलंय. तेवढं घेऊ द्या, मग न्या."

ते घर मी भरलं नव्हतं. कोडं अर्धंसुद्धा झालं नव्हतं. खोटं सांगू नये म्हणणाऱ्या बाई खोटं बोलत होत्या.

नाव घ्यायला कुणी नाही म्हणत नाही. लग्नात, बारशात, नवी सूनसुद्धा सगळ्या थोरांसमोर उभी राहून नाव घेते. तेवढं बोलणं तिला माफ असतं. मामंजी म्हणाले, "घ्या, घ्या. लवकर आटपा, जीपवाला खोळंबलाय."

मी पदर बाजूला केला. छताकडे बघितलं. तिथेच बघायची मला सवय होती.

"चार महिने चालले मी खाटेवर पडून,
चार राहिले, नेऊ नका अर्ध्यातनं काढून.
माझ्या पायानं यायचंय मला कोल्हारच्या घरी,
सोपानरावांचं नाव घेते, थांबा तोवरी."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला.

मग हे म्हणाले, "आबा, ती न्हाई म्हनती."

"म्या ऐकलं की," मामंजी म्हणाले. "भैरा हाय का म्या?"

त्यांनी चादर माझ्या पायांवर परत टाकली. नीट, बोटांपर्यंत. टोपी डोक्यावर बसवली आणि निघून गेले. जीप रिकामी गादी घेऊन गेल्याचं आरशात दिसलं.

मावशी म्हणाल्या, "आता मुंगी जाऊ दे, हत्तीबी ऐकंल."

*

यानंतरचे दिवस चांगले गेले असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी भीती होती ती आजाराची होती. आता माझी स्वतःची होती. पाय आले नाहीत तर ते माझ्या बोलण्यानं आले नाहीत, असं होणार होतं. मामंजी परत आले नाहीत. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बेबीलाही पाठवलं नाही. कोड्यातले सोपे सोपे शब्द मला सुचेनासे झाले. बाईंनी एकदाच विचारलं, "पस्तावा होतोय?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्या म्हणाल्या, "मग घर रिकामं सोड. पुढचा शब्द आला की कळेल." आणि वाचू लागल्या.

हे मात्र दर दुसऱ्या रविवारी येत. बोलायचं काय हा प्रश्न दोघांनाही. एकदा त्यांनी पिशवीतून कागदाचं भेंडोळं काढलं. कोल्हारच्या न्हाव्याच्या दुकानातली जुनी वर्तमानपत्रं होती. प्रत्येकातलं कोडं कापून आणलेलं, चाळीस-पन्नास असतील.

बाईंनी उलगडून पाहिली. "अहो सोपानराव, ही सगळी भरलेली आहेत!"

"व्हय," हे म्हणाले. "गिऱ्हाइकांनी भरली. कोरी बी हुती, पर म्हनलं भरलेली न्यावी. हिला उताणं लिवायला तरास हुतो."

मावशींनी तोंडात पदर कोंबला. हे बिचारे आमच्या तोंडांकडे बघत राहिले. बाईंनी ती कोडी आठवडाभर वाचली आणि गिऱ्हाइकांच्या चुका लाल पेन्सिलीनं काढून परत पाठवली. न्हाव्यानं म्हणे ती आरशाशेजारी चिकटवली.

*

सहाव्या महिन्यात एका सकाळी डॉक्टर टाचणी लावत होते. मी "बारा आडवा काय?" या त्यांच्या प्रश्नावर विचार करत होते, आणि मध्येच मी म्हणाले, "अहो, टोचतंय."

डॉक्टर थांबले. "कुठं?"

"डाव्या अंगठ्याला."

"आता?"

"आता नाही."

"आता?"

"टाचेला. टोचतंय डॉक्टर, लई टोचतंय!"

मावशी ओरडल्या, "टोचा, टोचा तिला! आनखी टोचा!" त्या दिवशी कोडं तसंच राहिलं, कुणालाच सुचेना.

मावशी आधी घरी गेल्या, मग बाई. बाईंच्या खाटेवर दुसरी बाई आली, हात मोडलेली, वाचता न येणारी. मग मीच वर्तमानपत्र डोक्यावर धरून तिला वाचून दाखवू लागले. मला ते जमत होतं.

नवव्या महिन्यात मला बसवलं. सगळी खोली फिरली. मग पाठीला पट्टा बांधून उभं केलं, एका बाजूला रूथ सिस्टर, दुसऱ्या बाजूला खिडकीचा गज. पाय माझे वाटत नव्हते, उसने आणल्यासारखे. तीन पावलं झाली. दुसऱ्या दिवशी सात. कुणी नवं चालायला लागेल तिला सांगते, रोज वाढत नाही. एखाद्या दिवशी कमीही होतात. तो दिवस मोजू नये.

*

घरी जायच्या दिवशी हे न्यायला आले. एसटीनं कोल्हारला उतरलो. मामंजी बैलगाडी घेऊन स्टँडवर आले होते. गाडीत हातभर कडबा, वर गोधडी.

हे म्हणाले, "आबा, डॉक्टरांनी बैलगाडी मना केलीया. धक्के बसत्यात. चालतच न्यायची."

मामंजींनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "मंग मला सांगायचं न्हाई व्हय आधी," म्हणाले. कासरा ह्यांच्या हातात दिला. "तू गाडी घेऊन ये मागनं." आणि स्वतः चालू लागले.

ते पुढे, मी दहा पावलं मागे. सून सासऱ्यांच्या बरोबरीनं चालत नाही. दवाखान्यातल्या सपाता माझ्या पायात मोठ्या होत होत्या, प्रत्येक पावलाला फटफट आवाज करत. दुकानांतली माणसं बघत होती. मी मान खाली घातली होती.

देवळाच्या वळणापाशी मला धाप लागली. मी थांबले. वर पाहिलं तर मामंजीही थांबले होते. पाठ माझ्याकडे, हात मागे बांधलेले, समोर बघत. मला वाटलं, कुणी भेटलं असेल. समोर कुणी नव्हतं.

मी चालायला लागले. सपाता वाजल्या तसे तेही निघाले.

घर येईपर्यंत मी सहा वेळा थांबले. तेही सहा वेळा थांबले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.